थांबायला लागणारा वेळ



आपल्याकडे इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण गतीच्या नियमांचं आहे. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र मुलं पाठ करतात, त्यावरची उदाहरणं सोडवतात, आणि परीक्षा झाली की बहुतेकांचा त्या सूत्राशी असलेला संबंध संपतो. मला याचं फार वाईट वाटतं. कारण दुचाकीवर बसल्यापासून उतरेपर्यंत, गाडीच्या मागच्या सीटवर, घाटाच्या उतारावर हे सूत्र आपल्या अंगावर लागू होत असतं. आपल्याला ते पाठ आहे की नाही, याची ते वाट पाहत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते, म्हणून त्यांच्या वर्गातलाच विषय मी आज निवडला आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच. या सूत्रातल्या तीन राशींपैकी वस्तुमानाशी आपल्याला घासाघीस करता येत नाही. ते जेवढं आहे तेवढं आहे. बलसुद्धा बहुतेक प्रसंगी आपण ठरवत नाही. ते किती लागलं, हे घटना घडल्यावर कळतं. आपल्या हाती उरते ती एकच गोष्ट, आणि ती सूत्रात उघड दिसतसुद्धा नाही. वेगातल्या बदलाला वेळेनं भागलं की त्वरण मिळतं. म्हणजे त्वरणाच्या पोटात वेळ दडलेला आहे. वेगातला बदल तोच ठेवून तो घडायला दुप्पट वेळ दिला, तर बल निम्मं होतं. मोटार, हेल्मेट, लहान मुलाचं आसन, यांची सगळी रचना या एका वाक्यावर उभी आहे.

माणसाला हे कळायला फार काळ लागला. बैल ओढतात तोवर गाडी चालते, बैल थांबले की गाडी थांबते. तेव्हा गती टिकवायला सतत बल लागतं, असं अॅरिस्टॉटलला वाटलं आणि जवळजवळ दोन हजार वर्षं जगानं ते मान्य केलं. त्यात मूर्खपणा काही नव्हता, डोळ्यांना दिसतं ते तसंच आहे. गाडीला अडवणारं घर्षण मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते वेगळं काढून विचार करायला गॅलिलिओ यावा लागला. त्यानं लाकडी फळीत खोबण कोरली, तिला गुळगुळीत चर्मपत्र लावलं, फळी थोडी तिरकी केली आणि तीवरून काशाची गोळी सोडली. पुरेसं अचूक घड्याळ नव्हतं. मोठ्या भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी जमवून ते तराजूत तोलायचं आणि त्यावरून वेळ काढायचा, अशी त्याची रीत होती. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री गावात नजरकैदेत असताना त्यानं हे सगळं ग्रंथात मांडलं आणि १६३८ साली तो ग्रंथ हॉलंडमधल्या लायडन शहरात छापला गेला. उतारावरच्या गोळीचा वेग समान वेळेत समान वाढतो, हा त्याचा निष्कर्ष. वेळ हा मोजमापाचा पाया तिथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे आला.

न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' १६८७ सालचं. त्यातला दुसरा नियम आपण फळ्यावर लिहितो तसा नाही. गतीतला बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणात असतो आणि त्याच बलाच्या दिशेनं होतो, अशा आशयाचं ते विधान आहे. 'गती' म्हणून न्यूटन जे मोजतो ते म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, ज्याला आपण संवेग म्हणतो. हा नियम वाचताना मनात एखादा आघात येतो: चेंडूला बसलेला फटका, भिंतीवर आपटलेली वस्तू. बल, वस्तुमान आणि त्वरण यांचं नातं थेट समीकरणात बसवून ते यंत्रशास्त्राचं सर्वसाधारण तत्त्व म्हणून मांडलं ते गणितज्ञ ऑयलरनं, १७५० साली बर्लिनच्या अकादमीपुढे सादर केलेल्या निबंधात. ऑयलरच्या मांडणीनं गणित सोपं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तरी शाळेत न्यूटनचं विधान आधी शिकवावं असं माझं मत आहे. संवेगात एवढा बदल व्हायचा आहे, तो किती वेळात होणार, हा प्रश्न त्या विधानातून आपोआप पुढे येतो.

आता वस्तुमान. वस्तुमान आणि वजन यांची गल्लत सुशिक्षित माणसंही करतात, कारण पृथ्वीवर दोन्ही कायम एकत्र वावरतात. ती वेगळी झालेली पाहायची तर अवकाशात जावं लागतं. १९७३ साली अमेरिकेनं 'स्कायलॅब' हे अवकाशस्थानक सोडलं. अंतराळवीर तिथे अनेक आठवडे राहणार, त्यांच्या शरीरात काय फरक पडतो ते पाहायचं, आणि त्यासाठी त्यांचं 'वजन' करायचं. पण काट्यावर उभं राहिलं तर काटा शून्यावरच. यावर विल्यम थॉर्न्टन या डॉक्टरनं तोडगा काढला तो स्प्रिंगवर बसवलेल्या खुर्चीचा. अंतराळवीर खुर्चीत अंग आवळून बसे, स्वतःला पट्ट्यांनी घट्ट बांधून घेई आणि खुर्ची मोकळी सोडली की ती पुढे-मागे डोलू लागे. डोलण्याचा काळ मोजायचा. वस्तुमान जास्त, तर खुर्ची संथ डोलणार. चौपट वस्तुमानाला दुप्पट काळ. स्प्रिंगचं बल माहीत आहे, हालचाल मोजली, म्हणजे वस्तुमान हाती आलं. वजन नाहीसं झालं तरी हलवल्या जाण्याला असलेला शरीराचा विरोध तसूभरही कमी झालेला नव्हता. वस्तुमानाची याहून स्वच्छ व्याख्या मला माहीत नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू मे १९९२ मध्ये दिसली. 'इंटेलसॅट ६' हा सुमारे ४ टनांचा उपग्रह चुकीच्या कक्षेत अडकून पडला होता. 'एन्डेव्हर' यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी तो पकडून त्याला नवं इंजिन बसवायचं होतं. पहिल्या दोन प्रयत्नांत एकट्या अंतराळवीरानं खास बनवलेला दांडा उपग्रहाला अडकवून पाहिला. जरा धक्का लागला की उपग्रह कलायचा आणि दूर सरकायचा. अडवायला घर्षण नसल्यानं लहानशा धक्क्यानंही तो हलत होता, आणि एकदा हलू लागला की ४ टनांचं वस्तुमान थांबवणं कठीण होतं. शेवटी तीन अंतराळवीर एकाच वेळी बाहेर गेले, उपग्रहाभोवती तीन बाजूंनी उभे राहिले आणि हातमोजे घातलेल्या हातांनी तो एकदमच धरला. हे काम ताकदीचं नव्हतं. तिघांनी हळू, एकाच क्षणी, पुरेसा वेळ घेऊन बल लावलं. तो अवकाशफेरा सुमारे साडेआठ तास चालला आणि उपग्रह वाचला.

अवकाशातून आपण बोरघाटात येऊ. कर्जतहून खंडाळ्याकडे जाणारी रेल्वे १८६३ पासून चालू आहे आणि तिचा सगळ्यात अवघड चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. चढताना कर्जतला गाडीमागे जादा इंजिनं लागतात, रेल्वेची माणसं त्यांना बँकर म्हणतात, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मला बोलायचं आहे ते उतरण्याबद्दल. १,००० टनांची गाडी या उतारावर उभी आहे असं समजा. तिच्या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे २७ टनांचं ओढणं, तिला सतत खाली खेचत असतं. ब्रेक नसेल आणि घर्षण, हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर तिचं त्वरण दर सेकंदाला सेकंदागणिक पाव मीटरहून थोडं जास्त येईल. आकडा किरकोळ वाटतो. पण एका मिनिटात त्या गाडीचा वेग ताशी ५७ किलोमीटर झालेला असेल.

आता गाडी ५०० टनांची धरा. ओढणं निम्मं, वस्तुमानही निम्मं, त्वरण तेच. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी मोकळ्या सुटल्या तर एकाच चालीनं धावतील. ही वरवर साधी दिसणारी गोष्ट न्यूटनला इतकी महत्त्वाची वाटली की त्यानं तिची मुद्दाम परीक्षा घेतली. सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू अशा नऊ पदार्थांचे लंबक त्यानं झुलवून पाहिले. सगळे एकाच लयीत झुलत राहिले. हलवल्या जाण्याला विरोध करणारं वस्तुमान आणि पृथ्वी ज्याला ओढते ते वस्तुमान, ही दोन्ही सारखीच निघतात. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि बहिरी ससाण्याचं पीस एकदम सोडलं, ती दोन्ही एकदमच जमिनीवर पडली, त्यामागे हेच कारण.

गुरुत्वाकर्षण वस्तुमान पाहून ओढतं. ब्रेकचं तसं नाही. ब्रेकची ताकद कारखान्यात ठरते, आणि गाडीत किती माल भरला आहे हे त्याला ठाऊक नसतं. ५०० टनांची गाडी उतारावर नुसती तोलून धरायला साडेतेरा टनांचं बल लागतं, १,००० टनांच्या गाडीला २७ टनांचं. म्हणूनच घाट उतरणाऱ्या गाड्या मंकी हिलसारख्या ठिकाणी ब्रेकची खात्री करून घ्यायला थांबतात, आणि म्हणूनच घाटात कॅच सायडिंग ठेवलेली असतात: बाजूला चढावर जाणारे रूळ. ताबा सुटलेली गाडी तिकडे वळली की चढ तिचा वेग हळूहळू काढून घेतो. तिला थांबायला जागा आणि वेळ मिळतो. ट्रकलाही नियम तोच. मालासकट गाडी ठरलेल्याच्या दीडपट जड झाली म्हणजे उतारावर ब्रेकला दीडपट काम पडतं, ड्रम तापतात, तापले की पकड जाते. त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिनचा अडसरही गेला. जादा माल भरायला लावणारा मालक त्या वेळी गाडीत नसतो. हे मी रागानं बोलतो आहे आणि तो राग मला लपवायचा नाही.

माणसाचं शरीर किती त्वरण सोसू शकतं, हा प्रश्न इथून पुढचा. मोजमापासाठी पृथ्वीवर मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचं त्वरण, सेकंदाला सेकंदागणिक ९.८ मीटर, हे एक माप धरतात आणि त्याला १ जी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १८ जी ही माणसाची हद्द समजली जाई; त्याच्या वर मृत्यू, असा समज. विमानातली आसनं आणि पट्टे त्याच समजुतीवर बेतलेले होते. अमेरिकी हवाई दलात जॉन पॉल स्टॅप नावाचा डॉक्टर होता. त्याला हा समज पटत नव्हता. अपघातात वैमानिक मरतात ते शरीर सोसू शकत नाही म्हणून की आसन आणि पट्टे तुटतात म्हणून, हे त्याला शोधायचं होतं. रुळांवरून धावणारी, अग्निबाणांनी ढकलली जाणारी घसरगाडी तयार केली गेली आणि १९४७ पासून तो स्वतः तीत बसू लागला. या प्रयोगांत त्याची हाडं मोडली. प्रयोग थांबले नाहीत.

१० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर त्याची शेवटची धाव झाली. घसरगाडीनं ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि पाण्यात शिरणाऱ्या ब्रेकनी ती १.४ सेकंदात थांबली. नववीचा विद्यार्थी हे गणित करू शकतो. वेग सेकंदाला सुमारे २८२ मीटर, भागिले १.४, म्हणजे सरासरी साधारण साडेवीस जी. प्रत्यक्षात बल एकसारखं लागत नाही. काही क्षणांत ते ४६.२ जी पर्यंत चढलं. ७० किलो वस्तुमानाच्या माणसावर तेवढ्या त्वरणाला सव्वातीन टनांच्या वजनाएवढं बल लागतं. स्टॅपच्या डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ त्याला दिसेना. नंतर दृष्टी परत आली, आणि पुढे तो १९९९ पर्यंत, वयाच्या ८९ व्या वर्षापर्यंत जगला.

या प्रयोगांनी काय सिद्ध झालं? नीट बांधलेलं शरीर समजलं जात होतं त्याच्या अडीचपट त्वरण सोसतं. पाठ पुढे करून बसलेला माणूस आणखी जास्त सोसतो, कारण थांबवणारं बल सगळ्या पाठीवर पसरतं. तान्ह्या बाळाचं आसन गाडीत मागे तोंड करून बसवायचं असतं ते याच कारणानं. हवाई दलाचे लोक विमानापेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त मरतात, हे स्टॅपच्या लक्षात आलं आणि तो मोटारींच्या मागे लागला. मोटारींच्या टकरींवर त्यानं १९५५ साली परिषद भरवली, ती त्याच्याच नावानं पुढे दरवर्षी भरत राहिली. १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिननं आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा तयार केला. बोहलिन त्याआधी साब कंपनीत वैमानिकांना बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होता. व्होल्वोनं या पट्ट्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. त्याच वर्षी मर्सिडीजची, टकरीत पुढचा भाग मुद्दाम चुरगळणारी मोटार बाजारात आली. ती कल्पना बेला बारेन्यी या अभियंत्याची. गाडी भक्कम हवी, पत्रा जाड हवा, असं आपल्याकडे अजून म्हटलं जातं. बसायची जागा भक्कम हवीच. नाक मात्र चुरगळलंच पाहिजे.

आकड्यांनी पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी मोटार भिंतीवर आदळली. नाक ६० सेंटिमीटर चुरगळलं आणि पट्टा बांधलेला माणूस गाडीबरोबरच थांबला. थांबायला वेळ मिळाला सेकंदाचे सात शतांश. त्वरण २४ जीच्या जवळ, आणि ७० किलोच्या माणसावर बल साडेसोळाशे किलो वजनाएवढं. बरगडी मोडेल कदाचित, माणूस वाचेल. आता पट्टा नाही असं समजा. गाडी थांबली, माणूस मात्र ताशी ६० च्या वेगानं पुढे चालूच राहिला, कारण त्याला कुणी थांबवलं नाही. न्यूटनचा पहिला नियम. मग तो डॅशबोर्डवर आदळला आणि ५ सेंटिमीटरमध्ये थांबला. अंतर बारा पटींनी घटलं, बल बारा पटींनी वाढलं: जवळजवळ २० टन. माणूस तोच, वस्तुमान तेच, वेगही तोच. बदलला तो थांबायला मिळालेला वेळ.

मागच्या सीटवर पट्टा कशाला, हा प्रश्न आपल्या घरोघरी विचारला जातो. मागे बसलेल्याचाही वेग ६० च आहे. त्याच्यापुढे समोरच्या सीटची पाठ आहे आणि त्या सीटवर कुणीतरी आपलंच माणूस बसलेलं आहे. आणि मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आईबद्दल मला बोललंच पाहिजे. १० किलोचं बाळ, वर सांगितलेली ६० सेंटिमीटरची बरी टक्कर. बाळाला धरून ठेवायला लागणारं बल साधारण २३५ किलो वजनाएवढं, तेही डोळ्याचं पातं लवण्याआधी. आईच्या मायेत कमी काही नाही. तिच्या हातात तेवढं बल नाही, कुणाच्याच हातात नसतं. हे उदाहरण नववीच्या पुस्तकात उत्तरासकट छापलं जावं, आणि मुलांनी ते घरी जाऊन सोडवून दाखवावं, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

शेवटी दुचाकी, कारण या सभागृहाबाहेर बहुतेक वाहनं तीच उभी आहेत. मोटारसायकलवरच्या डोक्याच्या दुखापतींचा वैद्यकीय अभ्यास ह्यू केर्न्स या शल्यचिकित्सकानं केला. १९३५ साली ब्रिटिश सैनिक आणि लेखक टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडून मरण पावला, त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत तो होता. महायुद्धात निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांचे अपघात अभ्यासून त्यानं १९४१ साली हेल्मेटच्या बाजूनं लिहिलं. हेल्मेटमध्ये खरं काम कोण करतं? बाहेरचं कवच बल पसरवतं आणि खिळ्या-दगडांपासून वाचवतं. थांबण्याचा वेळ मिळवून देतो तो आतला थर्मोकोलसारखा घट्ट फोम. दीड मीटर उंचीवरून डोकं रस्त्याकडे पडताना त्याचा वेग ताशी जेमतेम २० किलोमीटर होतो. त्यासाठी गाडी वेगात असायचीही गरज नाही. फोम २ सेंटिमीटर चिरडला गेला तर डोक्याचं त्वरण ७५ जीच्या आसपास येतं. उघडं डोकं कातडी आणि हाड मिळून ३ मिलिमीटरमध्ये थांबलं असं धरलं, तर ५०० जी. रस्त्याच्या कडेला टांगलेल्या, आत नुसता कापडी गादीचा तुकडा असलेल्या टोप्या विकत घेऊन पोलिसाला चुकवता येतं. त्या टोपीत थांबायला सेंटिमीटरभरही जागा नाही. पट्टा हनुवटीखाली बांधला नाही तर डोकं रस्त्याला लागण्याआधी हेल्मेट निघून जातं, आणि मग आतला फोम कितीही चांगला असला तरी कामाला येत नाही. आणखी एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात. फोम एकदा चिरडला की पूर्ववत होत नाही. पडलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसत असेल, रंगाला ओरखडासुद्धा नसेल. तरी जोराचा मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये. ते बदलून दुसरं घ्यावं.